शेवटचा रकाना

वहीत पाच रकाने.
तारीख. खड्डा. खोली. उष्णता.
पाचवा बहुतेक कोराच राहतो.

आज पहाटे मालेओची जोडी आली,
डोक्यावर काळा टणक उंचवटा, पोटाला
पेरूच्या गराचा फिका गुलाबी.
आळीपाळीने उकरत राहिली,
एक वाळूत, एक पहाऱ्यावर,
तीन तास.
मी केवड्याच्या आड उकिडवी,
मुंग्या पायांत आणि पायांवरही.
मग मादी आत उतरली, एकदाच आकसली,
आणि दोघांनी मिळून सगळं बुजवलं.
शेजारी आणखी दोन खोटे खड्डे उकरून ठेवले
घोरपडीसाठी.
माझ्यासाठीही असतील.

गेली.
आता बघायलासुद्धा येणार नाहीत.
या पाखराला काडीचं घरटं नाही, उबवण नाही,
चोचीत चोच घालून भरवणं नाही.
किनाऱ्याची वाळू उन्हाने तापते, तेवढंच.
तिच्या पदरात टाकायचं
आणि डोंगरातल्या जंगलात निघून जायचं.

माझे वडील, हामझा मोकोडोम्पित,
हात खुपसून सांगायचे कुठला खड्डा खरा.
खऱ्याची वाळू सैल लागते, म्हणायचे,
नुकतंच रडून थांबलेल्या माणसाच्या श्वासासारखी.
एका अंड्यात कोंबडीची पाच मावतात.
एक ठाणेदाराला, एक मुख्याध्यापकांना,
लग्न असेल तर टोपलीभर.
माझी फी त्यातूनच गेली.
अंड्यांवर मी अक्षर शिकले
आणि आता अंडी लिहिते.

हात त्यांचाच आहे.
कोपरापर्यंत घालते, मग खांद्यापर्यंत,
गाल वाळूला टेकतो,
बोटांना कवच लागतं.
तिथे थांबते.
थर्मामीटर. तेहतीस. लिहिते.
बाहेर काढत नाही, फरक एवढाच,
आणि महिन्याचा पगार.

मकास्सरहून पाहणीला आलेल्या बाईंनी
वही चाळली, पाचव्या रकान्याशी थबकल्या.
शंभरातली किती कूस उजवली?
म्हटलं, बाई, पिल्लू रात्रीचं निघतं.
दोन दिवस वर खणत येतं, एकटं,
कुणी हाक मारत नाही, दिशा सांगत नाही,
आणि वर आल्यावर माझी वाट बघत नाही.
कोरा म्हणजे मेलं असं नाही.
कोरा म्हणजे मी झोपले होते.
त्यांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं.
मी ते खोडलेलं नाही.

मेलेलीही सापडतात.
गेल्या साली एक, पृष्ठभागाला वीतभर उरलं असताना,
पाय अजून खणण्याच्या पवित्र्यात,
डोळ्यांत वाळू.
त्याच्या नावाने रकाना भरला. ते सोपं असतं.

निरमा मोरोवालीला गेली, निकेलच्या भट्टीवर.
एकोणीस पुरी नव्हती.
धक्क्यावर मी डबा दिला, तिने तो पिशवीत घातला,
आणि बोटीच्या टोकाला जाऊन उभी राहिली
ते माझ्याकडे पाठ करून.
पोचल्यावर दोन शब्द आले: आई, पोचले.
मग पगाराच्या दिवशी पैसे.
आता तीन आठवडे काहीच नाही.
शेजारची नुर्लेला म्हणते, पोरीला शिकवलं नाहीस
घरी फोन करायला.
खरं आहे.
मी तिला फक्त
जागा बघून पुरलं होतं.

एकदाच पाहिलंय मी, एकसष्टाव्या दिवशी,
पहाटे पाच चाळीसला.
वाळू आतून हलली, भाकरी फुगावी तशी,
भेग पडली, भेगेतून नखं,
मग काळं ओलसर डोकं.
ते बसलं. शिंकलं.
आणि पंख झटकून उडालं,
सरळ, माझ्या डोक्यावरून, अंजिराच्या झाडात,
जणू काल संध्याकाळीच तिथून निघालं होतं.
माझ्या तोंडातून काही निघालं नाही.
वेळ लिहायची राहिली, म्हणून
पाच चाळीस हे अंदाजाने.

खड्डा क्रमांक सत्तेचाळीस. खोली एक हात.
उष्णता तेहतीस.
वही मिटून मी फोन बघते,
मग पुन्हा वही उघडते.
पाचव्या रकान्यात वाऱ्याने आलेली वाळू.
फुंकत नाही.